तळटीप एकतीस

ओद्वर चष्मा पुसते, पान एकशे बारा पुन्हा उघडते.
"या बेटावरचे पफिन तीस वर्षांत निम्मे झाले,
आणि त्याला जबाबदार आहेत ट्रॉलर."
वाक्य ठाम. बुटांच्या नाड्या आवळून
दारात उभं राहिल्यासारखं.
त्याच्या खांद्यावर एक बारीक आकडा: ३१.

तिलाही हेच हवंय, आधीच सांगून टाकते.
भाऊ बाइनिर, त्याची दोन बोटं
ट्रॉलरच्या विंचमध्ये राहिली.
म्हणजे हे वाक्य घरचं.
आणि घरच्या माणसाला कोण विचारतं
कुठून आलास, कुणाच्या ओळखीनं?

ती विचारते.

तळटीप म्हणते: मत्स्यखात्याचा अहवाल, पान नऊ.
अहवाल तोर्शाव्हनच्या ग्रंथालयातून येतो,
बोट दोन दिवस वाऱ्यानं अडकलेली.
पान नऊ: "घट लक्षणीय आहे."
निम्मी नाही. लक्षणीय.
ट्रॉलर तर नाहीतच;
आहे ते "बहुधा समुद्राचं तापमान",
आणि खाली पुन्हा एक आकडा.

अहवाल बोट दाखवतो एका जुन्या मासिकाकडे.
मासिक म्हणतं, "जाणकारांच्या मते".
जाणकार किती? एक.
तुम्मस, वायव्य टोकाच्या दीपगृहाचा रखवालदार.

पाचामुखी परमेश्वर, म्हणतात.
इथे पाची मुखांत
एकच जीभ निघाली.

तुम्मसची रोजनिशी बंदरावरच्या संग्रहालयात,
पानांना अजून रॉकेलचा वास.
"१९ जून. धुकं. पफिन यंदा कमी वाटतात."

वाटतात.

ओद्वर त्या क्रियापदावर बोट ठेवून बसते.
किती उघडं निघालं होतं बिचारं इथून!
मासिकानं त्याला सदरा दिला,
अहवालानं कोट,
पुस्तकात पोचेपर्यंत त्याला
थंडी वाजेनाशी झाली.

दोन पानं पुढे:
"१ जुलै. डॉक्टर येऊन गेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
सकाळी योहिल्डचा चेहरा ओळखायला वेळ लागतो."

इथे पुस्तक मिटता आलं असतं.
सुतावरून स्वर्ग, म्हणून हसताही आलं असतं,
ट्रॉलरवाले तर नक्की हसले असते.
पण रोजनिशीखाली एक दुसरी वही होती,
दुधाच्या हिशेबाची, योहिल्डच्या हातची,
आणि तिच्या शेवटच्या पानांवर नुसते आकडे.
"पश्चिमेचा उतार. बिळं. हात घालून मोजली."

२१२
१९८
१७१
१७४
१५५…
बारा वर्षं. शेवटी १४०.

कुठेही "वाटतं" नाही. कुठेही "लक्षणीय" नाही.
कुणी हिचा हवाला दिलेला नाही,
तिला कुणी जाणकार म्हटलेलं नाही.
ओद्वरला पटतो तो चौथा आकडा:
खोटं रचणारा माणूस
एकदा उतरू लागला की उतरतच जातो,
मध्येच तीन पायऱ्या वर चढत नाही.
पानाच्या कडेला मातीचा डाग आहे.
कोपरापर्यंत हात गेला असणार बिळात,
आत चोचीनं ओरबाडला असणार.

रात्री ती लेखकाला पत्र लिहिते.
बाइनिर आठ बोटांनी बटाटे सोलत असतो,
विचारतो, मग सापडलं का काही त्यांच्याविरुद्ध?
ती मान वर करत नाही.

"पफिन कमी झालेत, हे दिसतं:
एका उतारावर, बारा वर्षांत, तिसरा हिस्सा.
सोबत वहीची नक्कल जोडली आहे.
निम्मे झाले, हे दिसत नाही.
तळटीप एकतीस काढावी,
तिच्या जागी या बाईचं नाव घालावं.
ट्रॉलरबद्दल इथे काहीच नाही.
मी शोधलं. दोनदा शोधलं.
मला ते हवं होतं."

पाकीट चिकटवते.
टपाल मंगळवारी जातं, वारा असेल तर बुधवारी.